रिकाम्या सापळ्यांचे मालक

माझ्या छापखान्याच्या भिंतीला लागून पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली होती. दारावर पाटी होती, ‘कामगंध सापळे व साहित्य’, आणि पाटीखाली खुर्ची टाकून मालक बसलेले असत. त्यांचं खरं नाव बँकेला आणि बायकोला ठाऊक. बाकी सगळे त्यांना तोंडावर ‘काका’ म्हणत आणि वळल्यावर ‘तेचते’.

हे नाव त्यांनी स्वतःच्या हिमतीवर कमावलं होतं. पूर्वी त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने एक वस्तू मागावी, ह्यांनी दुसरी काढून द्यावी आणि वर म्हणावं, "अहो, तेच ते!" एकदा गॅसच्या जोडकामाला उलट्या आट्यांचा नट हवा होता. ह्यांनी सरळ आट्यांचा दिला. "आकार तोच, पितळ तेच. बसत नसेल तर जरा जोर लावा." त्या माणसाने इतका जोर लावला की आटे गुळगुळीत झाले, आणि उरलेला जोर त्याने पान्हा फेकण्यात खर्च केला. पान्हा काउंटरमागच्या भिंतीला लागला. पुढे दुकान बंद पडलं. का बंद पडलं, असं कुणी विचारलं तर तेचते सांगत, "लोकांच्या मनगटात ताकद राहिली नाही."

मग त्यांना सून आली. ती रसायनशास्त्र शिकलेली, औषधांच्या कारखान्यात काही वर्षं काम केलेली. मुलगा ट्रक घेऊन कायम बाहेरगावी, सासरे घरात रिकामे. सासऱ्यांच्या रिकामपणाचा घरावर काय परिणाम होतो हे तिने महिनाभर पाहिलं आणि पत्र्याच्या खोलीत काम सुरू केलं.

काम असं होतं. गावाभोवती सफरचंदाच्या आणि पेअरच्या बागा. उन्हाळा आला की हिरव्या-तांबूस पाठीचे भुंगेरे यायचे आणि पानांची जाळी करून टाकायचे. नुसत्या शिरा उरायच्या. त्या भुंगेऱ्याची मादी हवेत एक गंध सोडते आणि नर त्या वासावर कुठूनही धावत येतो. सूनबाई तो गंध बाटलीत तयार करायची, रबरी बुचांत मुरवायची आणि बूच सापळ्यात टांगायची. सापळा म्हणजे वर नरसाळं, खाली बादली. नर यायचे, नरसाळ्यावर आपटायचे आणि बादलीत पडायचे. पहिल्याच हंगामात बादल्या ओसंडल्या. बागवाल्यांच्या संस्थेने पुढच्या वर्षाची मागणी आगाऊच नोंदवली. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे तेचत्यांच्या बायकोचे थोरले भाऊ, त्यामुळे ओळख काढावी लागली नाही.

यात तेचत्यांचं काम काय? पाटीखाली बसणं. पण मालक म्हटल्यावर माणसाला विचार करावासा वाटतो. ते विचार करू लागले आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

सूनबाई एक विशिष्ट कच्चा माल मागवायची. तो महाग होता. बाजारात तयार गंध पिंपाने स्वस्त मिळतो, असं कुणीतरी तेचत्यांच्या कानावर घातलं. मी लेबलांचा गठ्ठा द्यायला गेलो होतो तेव्हा त्यांचा हाच वाद चालला होता.

"फॉर्म्युला तोच ना?" तेचते विचारत होते.

"तोच आहे, बाबा."

"वजन?"

"तेच."

"उकळतं तेव्हा?"

"तेवढ्याच तापमानाला उकळतं."

"मग भांडण कसलं? तेच ते!"

सूनबाईने कपाटातून जाड रबरी हातमोज्यांची जोडी काढली, ॲसिड हाताळायला वापरतात तसली. डावा मोजा त्यांच्यापुढे धरला. "हा उजव्या हातात घाला."

"का?"

"घाला तर खरं. दोन्ही मोज्यांना पाचच बोटं आहेत. रबर तेच, वजन तेवढंच, अंगठाही तळव्याला जिथे जोडायचा तिथेच जोडलाय. फरक एवढाच की तो एकात या बाजूला वळतो, दुसऱ्यात त्या. आपल्या रेणूचंही असंच आहे. अणू तेच आहेत, कोण कुणाला जोडलाय तेही तेच. पण एका ठिकाणी त्याची शेपटी या बाजूला निघते की त्या बाजूला, एवढ्यावरून त्याचे दोन प्रकार होतात, डावा आणि उजवा. एकमेकांची आरशातली रूपं. कसेही फिरवा, एक दुसऱ्यासारखा होत नाही. भुंगेऱ्याच्या मिशीत त्या रेणूला बसायला जागा असते, मोज्यासारखी. तिच्यात उजवाच बसतो."

"आणि डावा?"

"डावा नुसता वाया जात नाही, तो काम बिघडवतो. भुंगेऱ्यांची दुसरी एक जात आहे, तिची मादी डावा गंध सोडते. आपल्या नराच्या मिशीत डाव्यासाठीही वेगळी जागा असते, त्याचा जरासा जरी वास आला तरी तो समजतो, ही बाई आपल्यातली नव्हे. आणि निघून जातो. स्वस्त पिंपात डावे-उजवे निम्मे निम्मे असतात. मी ज्या मालापासून सुरुवात करते तो मुळातच एका हाताचा असतो, म्हणून तो महाग."

आता एवढं ऐकल्यावर कुणीही मान डोलावून गप्प बसला असता. तेचत्यांनी मात्र तो डावा मोजा हिसकावून घेतला आणि उजव्या हातात कोंबला. अंगठ्याच्या जागी करंगळी गेली, अंगठा बाहेर कुठेतरी मनगटाशी दुमडून अडकला. "बसला की!" ते म्हणाले. आणि बसतो हे सिद्ध करायला तो मोजा त्यांनी दिवसभर काढला नाही. चहाचा कप धरता येईना, तर बायकोला म्हणाले, "आज तूच पाज." बायको म्हणाली, "डाव्या हाताने प्या की. तेच ते." आणि आत निघून गेली.

पुढे सूनबाईच्या बहिणीचं बाळंतपण आलं. ती मदतीला गेली आणि बाळ-बाळंतीण दोघांची तब्येत नरम-गरम असल्यामुळे तिथेच अडकली. इकडे हंगाम तोंडावर आलेला. तेचत्यांनी संधी साधली. एके दिवशी दुपारी टेम्पोतून निळं पिंप उतरलं. बुचं मुरवली, पाकिटं भरली, माझ्याकडून जुनीच लेबलं छापून घेतली आणि सगळा माल संस्थेला पोचता केला. वर अध्यक्षांना सांगितलं, "यंदा मी स्वतः लक्ष घातलंय." हे वाक्य ऐकून अध्यक्ष सावध व्हायला हवे होते. पण बहिणीच्या नवऱ्यावर अविश्वास दाखवायचा तर बहिणीला तोंड द्यावं लागतं. त्यांनी माल बागांत वाटून टाकला.

सूनबाई परत आली ती पिंप बघूनच दारात थबकली. तिने त्यातला थेंबभर माल घेतला, पातळ केला आणि काचेच्या नळीत भरून तिच्या त्या लांबट यंत्रात ठेवला. यंत्राचा उपयोग मला तिनेच पूर्वी सांगितला होता. त्यातून एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश सोडतात. माल एका हाताचा असेल तर तो प्रकाश थोडा कलतो. निम्मा-निम्मा असेल तर एकाने डावीकडे ओढलेलं दुसरा उजवीकडे ओढतो आणि प्रकाश आहे तसाच बाहेर पडतो.

"बाबा, बघा. प्रकाश जराही वळत नाही. सरळ जातोय."

तेचत्यांनी भिंगाला डोळा लावला. समाधानाने मान हलवली. "सरळ जातोय ना? मग माल सरळच आहे."

"अहो, यात अर्धा डावा आहे!"

"म्हणजे अर्धा बरोबर आहे. मग निम्मे भुंगेरे तर येतील! निम्म्या खर्चात निम्मे भुंगेरे. यात तोटा कुठे झाला, सांग."

सूनबाईने सासूकडे पाहिलं. सासूने छताकडे पाहिलं.

निम्मे भुंगेरे आले नाहीत. निम्म्याचे निम्मेही आले नाहीत. बागेत भुंगेऱ्यांचा सुकाळ होता. पानावर पान ठेवून जेवल्यासारखे ते झाडामागून झाड संपवत होते. आणि मध्ये मध्ये आमच्या गल्लीतले सापळे वाऱ्यावर डुलत होते, आत बादल्या अशा स्वच्छ की पाणी प्यावं. एका बादलीत कोळ्याने जाळं विणलं होतं. दुसऱ्या बादलीत एक भुंगेरा सापडला, पण तो वरच्या फांदीवरून मरून पडलेला निघाला.

संस्थेची बैठक बोलावली गेली. शेडमध्ये सगळे बागवाले लाल डोळ्यांनी बसलेले. लेबलं माझी म्हणून मलाही बोलावणं होतं. अध्यक्षांचा चेहरा उतरलेला, कारण मागणीवर सही त्यांची होती.

"दाजी," ते म्हणाले, "एकही भुंगेरा सापडत नाही. काय बोलायचंय?"

तेचते उभे राहिले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं असेल असं मला वाटलं होतं. त्यांनी रिकाम्या बादलीकडे पाहिलं, बागवाल्यांकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज चढू लागलं. हे तेज मी पूर्वी पाहिलेलं होतं. सरळ आट्यांच्या नटाच्या वेळचं.

"एकही सापडत नाही ना?" ते म्हणाले. "हेच तर! आजवर आपण काय करत होतो? शेजारच्या बागांतले भुंगेरे आपल्या बागेत बोलावत होतो. यंदाचा माल वेगळा आहे. हा भुंगेऱ्याला जवळ फिरकूच देत नाही. सापळा रिकामा आहे, म्हणजे सापळा काम करतोय."

मला वाटलं आता पान्हे उडणार. पण अध्यक्षांनी खुर्चीत पाठ सरळ केली. बुडत्या सहीला काहीतरी धरायला मिळालं होतं. "या दृष्टीने विचार करायला हवा," ते म्हणाले. खजिनदाराने लगेच मान हलवली. माल मोजून घेण्याची जबाबदारी त्याची होती. पुढच्या रांगेतले निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "तर्काला धरून आहे. माझ्या बागेतल्या सगळ्या बादल्या शंभर टक्के रिकाम्या आहेत."

मागच्या बाजूने सूनबाई उठली. तिच्या हातात एक फांदी होती, जाळी झालेल्या पानांची. "सर, बादली राहू द्या. पानं बघा. भुंगेरे दूर गेले तर ही पानं कुणी खाल्ली?"

मुख्याध्यापकांनी चष्मा लावून फांदी तपासली. "ही भोकं मागच्या वर्षीची असतील."

"पानं दर वर्षी गळतात, सर."

"मुली, अपवाद असतात," मुख्याध्यापक म्हणाले. आणि ‘सापळे काम करत आहेत’ असा ठराव मंजूर झाला.

दुसऱ्याच दिवशी तेचते माझ्याकडे नवीन मजकूर घेऊन आले. ‘भुंगेरे ओढणारा’ खोडून ‘भुंगेरे पळवणारा’. बाकी लेबल तसंच, भुंगेऱ्याचं चित्रसुद्धा. फक्त त्याचं तोंड दुसऱ्या बाजूला करायचं होतं. मी विचारलं, "काका, आतला माल बदललाय का?" ते म्हणाले, "माल तोच. बघण्याची दिशा बदलली."

त्या हंगामात तेचते मोठे झाले. गावोगावचे बागवाले सल्ला विचारायला येऊ लागले. ते पाटीखाली बसून ‘भुंगेऱ्याची मानसिकता’ ह्या विषयावर बोलत. त्यांनी राखाडी कोट शिवून घेतला आणि उन्हाळ्यातही तो घालून फिरू लागले. सूनबाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्वतःच्या कामात असे. कच्च्या मालाचं तिचं शेवटचं पाकीट उरलं होतं, त्यातून ती जुन्या पद्धतीने थोडी बुचं करत होती. तिला मी एकदा म्हटलं, "तू बोलत का नाहीस?" ती म्हणाली, "बोलले ना. ठराव झाला."

गाडं अडलं ते घरातच. तेचत्यांच्या बायकोने मागच्या अंगणात गुलाब लावले होते. ह्या बाईला नवऱ्याकडून फारशा अपेक्षा नव्हत्या, त्या सगळ्या तिने गुलाबांकडे वळवल्या होत्या. नवऱ्याने प्रेमाने आणि जाहिरातीसाठी अंगणात आपले चार सापळे टांगले. आठवड्यात भुंगेऱ्यांनी गुलाब साफ केले. कळ्यासुद्धा सोडल्या नाहीत.

"अहो, हे बघा," ती म्हणाली.

"सापळे बघ. रिकामे आहेत," नवरा म्हणाला.

ती काही बोलली नाही. त्यांच्या बत्तीस वर्षांच्या संसारात ती बोलली नाही की काहीतरी व्हायचं, हा अनुभव होता, पण तेचत्यांनी अनुभवाकडे लक्ष देणं पूर्वीच सोडलं होतं. तिने सुनेकडून खऱ्या मालाची मूठभर बुचं मागून घेतली. एक बूच गुलाबांजवळच्या सापळ्यात लावलं. संध्याकाळपर्यंत बादली निम्मी भरली. उरलेली बुचं कुठे ठेवायची, म्हणून तिने ती मागच्या दाराशी अडकवलेल्या राखाडी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. हे मी अंदाजाने सांगत नाही. तिनेच मला सांगितलं, भाजी निवडता निवडता. "डबा सापडत नव्हता," म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी संस्थेने तेचत्यांचा सत्कार ठरवला होता. फळबाग खात्याचे साहेब येणार होते. अध्यक्षांच्या बागेत, झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत मंडप उभारला. मागे मोठा फलक, ‘भुंगेरेमुक्त बाग’. दुपारचं ऊन कडक होतं, आणि भुंगेऱ्यांना कडक ऊन आवडतं.

मुख्याध्यापकांनी प्रास्ताविक केलं. अध्यक्षांनी मानचिन्ह दिलं. तेचते बोलायला उभे राहिले, कोटाची बटणं लावलेली.

"मंडळी," ते म्हणाले, "भुंगेरा हा मुळात भित्रा प्राणी आहे..."

पहिला भुंगेरा त्यांच्या कॉलरवर बसला. त्यांनी तो टिचकीने उडवला. दुसरा बाहीवर. तिसरा आणि चौथा बरोबरच आले. मग चारी बाजूंच्या झाडांतून भुणभुण उठली आणि पाऊस पडावा तसे भुंगेरे उन्हातून येऊ लागले. साहेबांवर एक नाही, अध्यक्षांवर एक नाही. सगळे राखाडी कोटावर. छातीवर, पाठीवर, खिशाच्या तोंडाशी तर एकावर एक. आणि ते खायला आलेले नव्हते. ते कशासाठी आलेत हे पुढच्या रांगेतल्या बायकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तोंडाला पदर लावले.

तेचत्यांनी भाषण सोडलं नाही, हे मान्य करायला हवं. "घाबरू नका!" ते ओरडले. "हे निरोप घ्यायला आलेत!" तेवढ्यात एक भुंगेरा त्यांच्या उघड्या तोंडात गेला आणि भाषण संपलं. ते मंडपातून पळाले. भुंगेऱ्यांचा ढग त्यांच्यामागे. बागेच्या टोकाला पाण्याची टाकी होती, तीत त्यांनी कोटासकट उडी घेतली.

खात्याचे साहेब हातात गुच्छ धरून उभे होते. ते सगळ्यांत आधी सावरले. "काय पण ओढ आहे!" ते म्हणाले. "त्या कोटात काय आहे?"

"उजव्या हाताचा माल," सूनबाई म्हणाली, आणि तिथेच खुर्चीवर बसून तिने त्यांना पाच मिनिटांत सगळं समजावलं. साहेबांनी ऐकून घेतलं. समजलं किती ते त्यांनाच ठाऊक, पण कोट त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. खात्याची मागणी पंधरवड्यात आली, तिच्या नावावर.

संस्थेची पुन्हा बैठक झाली. अध्यक्षांनी सांगितलं की त्यांना पहिल्यापासून शंका होती. खजिनदाराला तर आदल्या वर्षापासून होती. मुख्याध्यापक म्हणाले की पानांवरच्या भोकांकडे सर्वांत आधी त्यांनीच लक्ष वेधलं, आणि इतिवृत्तात तसंच लिहिलं गेलं. सूनबाई तिथे होती. तिने इतिवृत्तावर सही केली, कारण तिला कच्चा माल मागवायची घाई होती.

तेचत्यांचं मात्र अवघड झालं. तो गंध कपड्याला, केसांना, कातडीला धरून बसतो आणि साबणाला दाद देत नाही. पुढची दोन वर्षं हंगामात ते बाहेर पडले की चार-सहा नर त्यांच्याभोवती घिरट्या घालत. त्यामुळे उन्हाळाभर त्यांना खिडक्या लावून घरात बसावं लागे. मी भेटायला जायचो. एकदा ते फार खिन्न दिसले. म्हणाले, "एक सांग. मी वाईट माणूस आहे का?"

"नाही, काका."

"मग इतकी वर्षं माझ्याकडे कुणी फिरकलं नाही, आणि आता येतात ते हे." खिडकीच्या काचेवर बाहेरून एक भुंगेरा आपटत होता. मला हसू येत होतं, पण ते गिळावं लागलं. बायकोने आतून विचारलं, "चहा टाकू का?" ते म्हणाले, "टाक." ती दारात येत म्हणाली, "दोघांना?" आणि खिडकीकडे बोट दाखवून, "का तिघांना?"

निळं पिंप अजून अर्धं भरलेलं होतं. सूनबाईला ते फेकून द्यायचं होतं, पण तेचत्यांनी थांबवलं. डोंगरापलीकडच्या संस्थेचे सचिव त्यांना भेटून गेले होते. खात्याने आता नवीन पद्धत सुरू केली होती. तपासनीस येऊन सापळ्यांतले भुंगेरे मोजत आणि ज्या संस्थेत सगळ्यांत कमी सापडतील तिला ‘प्रादुर्भाव आटोक्यात’ म्हणून ढाल देत. पलीकडच्या संस्थेला असा सापळा हवा होता ज्यात काहीच सापडणार नाही. पिंप टेम्पोत चढलं. बुचं, पाकिटं, सगळं रीतसर गेलं. ढाल त्यांना सलग तीन वर्षं मिळाली. तिकडच्या बागांत पान उरलं नव्हतं, पण पानं मोजायची पद्धत खात्याने अजून सुरू केलेली नाही.